दुधाचं वाक्य

१९ जुलै, शनिवार, संध्याकाळ

आज वाचनालयात आठवीच्या मुलींना आईच्या आठवणींचं मी केलेलं रेकॉर्डिंग ऐकवलं. ऐकवायचं नव्हतं खरं तर. पण इतिहासाची साधनं शिकवायची आणि घरचंच साधन लपवून ठेवायचं, हे काही बरं वाटेना. दिवाळीनंतर आई गेली, तेव्हापासून मी ते उघडलंच नव्हतं. ती माझी आई, हे मुलींना सांगितलं नाही. का नाही सांगितलं? रडू आलं असतं, म्हणून. विड्या वळणारी एक बाई, एवढंच म्हटलं.

मुली ऐकून ऐकून लिहीत होत्या. तेंदूपत्ता कसा भिजवायचा, कारखान्याचा माणूस चांगल्या विड्याही खराब म्हणून कशा बाजूला काढायचा. आई किती छान सांगते. मधेच थांबते आणि म्हणते, "सुनीता, दूध उतू जाऊन राहिलं, पाहा वं." मग खुर्ची सरकल्याचा आवाज. ती मी.

आर्याने हात वर केला. "मॅडम, आजी मधेच दुधाचं काहून बोलली? काढून टाकू का?"

विषयाबाहेरचं गाळायचं, हे मीच फळ्यावर लिहिलेलं.

"काढ," म्हटलं.

तिने पट्टी ठेवून सरळ रेघ मारली. गुणी पोरगी आहे.

घरी येऊन रेकॉर्डिंग पुन्हा लावलं, दुधाच्या वाक्यापाशी परत परत थांबले. बाकी सगळं आईने साऱ्यांसाठी सांगून ठेवलंय. माझ्याशी बोललेलं तेवढं एकच वाक्य आहे त्यात.