बत्तीसची कंबर

४ जून, मंगळवार
झालं एकदाचं! आमच्या शिवणकारखान्यासाठी मी बनवलेलं मापांचं ॲप आजपासून सुरू. दादा म्हणत होता, माहिती एकाच दिशेने वाहू दे — टाकीतून नळाला पाणी येतं, नळातून टाकीत चढवू नकोस. पण खरी गंमत त्यातच आहे! इंच बदला, सेंटिमीटर बदलतात; सेंटिमीटर बदला, इंच बदलतात. दोन वर्षांनी मोठा म्हणून दादा प्रत्येक बाबतीत शहाणा, असं थोडंच आहे! मालक खूश. कटिंग मास्तर तर चाळीस वर्षांची वही बाजूला ठेवून स्क्रीनवर बोट फिरवत बसले होते.

११ जून, मंगळवार
पँटी ढगळ होताहेत. सहा परत आल्या. मालकांच्या मते मास्तरांची नजर गेली.

१३ जून, गुरुवार
मास्तरांना कापायच्या टेबलावरून उठवून बटणं लावायला बसवलं. कात्री नव्या माणसाकडे. जेवताना मास्तर फक्त मला म्हणाले, "पोरी, स्क्रीनवर होतं तेवढंच कापलं गं मी."
राहवेना. माझंच माप ॲपमध्ये भरलं. कंबर बत्तीस. पान चार वेळा उघडलं-मिटलं — साडेतेहेतीस! आणि मी तर जेवले एकदाच!
कापड कमी पडू नये म्हणून इंचाचे सेंटिमीटर करताना आकडा थोडा वर नेला होता मी. उलट येतानाही वरच. पान उघडलं की दोन्ही चौकटी एकमेकींना ढकलायच्या आणि कंबर वाढायची.

१४ जून, शुक्रवार
दुरुस्त केलं, दादाच्या पद्धतीने. माप एकाच जागी, इंचात. सेंटिमीटर नुसते दिसणार, कशालाही हात लावणार नाहीत. जुनी मापं मास्तरांच्या वहीतून पुन्हा भरली. किती सरळ आहे हे! दादाला कळवलं नाही, डोक्यावर बसेल.
मालकांना सांगायला हवं. सोमवारी सांगू. तोवर झाकली मूठ.

१८ जून, मंगळवार
एकही पँट परत नाही! मालकांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, नव्या माणसाचंही. फार छान वाटलं, खोटं कशाला बोलू. सोमवार गेला, सांगायचं राहिलंच.
चोर सोडून संन्याशाला फाशी, हे कळतंय मला. पण फाशी कसली, बटणंच तर लावताहेत, पंख्याखाली बसून. उद्या नक्की.

२० जून, गुरुवार
दुपारी मास्तर कोरा कागद घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, तुझं अक्षर चांगलं आहे, एवढं लिहून दे. ते सांगत गेले, मी लिहीत गेले —
"मी टेबलावरून उठल्यापासून मापं बरोबर येत आहेत. म्हणजे चूक माझीच होती. तरी मला कामावरून मोकळं करावं."
खाली सही करून कागद मालकांना द्यायला माझ्याच हातात ठेवला.
कागद या वहीत ठेवला आहे. मालकांकडे मी जाते आहे.