सहा दिवसांचा डोंगर

२ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. चौथीपर्यंतच शिकले, पण अक्षर मोत्यासारखं आहे. मला तरी वाचता येतं.
सूनबाईने मागच्या खोलीत काचेची पेटी मांडलीय. आत रंगीत वाळू नि चिकट लगदा, थरावर थर. वर एक बारका दिवा लुकलुकतो. एका बाजूने मोटर फळी ढकलते, तासाला केसभर. जमिनीच्या पोटात खडक असेच दाबले जातात, वाकतात, वर येतात, त्यांचे डोंगर होतात म्हणे. सहा दिवस लागणार. शनिवारी परगावच्या कॉलेजातले साहेब हा डोंगर बघून तिला नोकरी देणार. मग बिऱ्हाड तिकडे. मला काय, आनंदच आहे. फक्त डोंगर व्हायला नको.

३ फेब्रुवारी
दिवसभर पेटीसमोर बसले. हलत नाही मेलं काही.
मुलगा सूनबाईला म्हणाला, नोकरी मिळाली तरी आईला एकटं टाकून जायचं नाही. मी ऐकायला गेले नव्हते, दारच तिथे होतं. गुणाचं लेकरू! सूनबाई रडली. रडली की नाक लाल होतं तिचं. शोभतं.

४ फेब्रुवारी, दुपार
थराला सुरकुत्या आल्या. सूनबाईने हौसेने दाखवल्या. म्हणाली, आई, हळू दाबलं की वाकतं, घाई केली की तुटतं. म्हटलं, मला शिकवतेस? नऊ वर्षं तुला हळूच दाबतेय की! हसली नाही. तिच्या माहेरी विनोद कोणाला कळतच नाही. तिची आई तर बारशातसुद्धा गंभीर होती.

५ फेब्रुवारी, गुरुवार, सकाळी ११
सूनबाई बाहेर. मदत करायचं ठरवलं. सहा दिवस कशाला ताटकळायचं? पदर खोचला, दोन्ही हातांनी फळीला रेटा दिला. मधोमध फट! एक बाजू दुसरीच्या डोक्यावर चढून बसली. इतकं बरं वाटलं की चहा दोनदा घेतला.
कोणी विचारलं तर भूकंप.

५ फेब्रुवारी, संध्याकाळ
भूकंप कोणी मानला नाही. पेटीवरचा तो दिवा दिवा नव्हता, कॅमेरा होता. मिनिटाला एक फोटो. नात, आमची भिंगरी, सगळ्यांदेखत ओरडली, आजी, तुझे हात! बांगड्यांसकट! मुलगा उठून फिरायला गेला.
फोटोत हात फार म्हातारे आलेत. कॅमेऱ्यात दोष असणार.

७ फेब्रुवारी, शनिवार
सूनबाईने साहेबांना तेच फोटो दाखवले. साहेब खूश! तोच थर हळू दाबला तर वाकला, रेटला तर तुटला, इतकं स्वच्छ त्यांनी कधी बघितलं नव्हतं. नोकरी पक्की. म्हणजे मीच मिळवून दिली ना? कोणी आभार मानले नाहीत. मी मनावर घेतलं नाही.
मुलाला म्हटलं, आता नाही म्हण की. म्हणाला, जायचं मी गुरुवारीच ठरवलं.

१५ फेब्रुवारी, रविवार
मन मोठं करायचं ठरवलं. आपणही जायचं. नव्या जागी सूनबाईला धाकात कोण ठेवणार? ट्रंक भरून दारात आणून ठेवली. टेबलावर तिकिटं तीनच. मुलगा लहानपणापासून मोजण्यात कच्चा. हाक मारून सांगितलं, चार हवीत. म्हणाला, आई, दोनदा मोजलीत.
मग माझ्या हातातून ट्रंक काढून घेतली. जड होती ना, मला उचलू दिली नाही. स्वतः उचलून आत माझ्या खोलीत नेऊन ठेवली.