लोणच्याच्या फळीवरचा राउटर

ती. आई,

मधल्या खोलीतल्या फळीवरच्या तुमच्या लोणच्याच्या बरण्या मी खाली उतरवल्या. त्या आता स्वयंपाकघरात ओट्याखाली आहेत, नीट फडकं बांधून. त्यांच्या जागी एक काळं, चपटं यंत्र ठेवलंय. त्यावर एक हिरवा दिवा लागतो.

तुम्ही असतात तर तुम्हाला विचारल्याशिवाय ती फळी कुणी रिकामी केली नसती. बरण्या उतरवताना आबा नुसते बघत उभे होते. मग म्हणाले, "तिला कळवायला हवं होतं." ते सहज बोलून गेले असतील, पण मला ते पटलं. म्हणून हे पत्र. कळवायचं म्हणजे सगळंच कळवते.

तुम्ही गेल्यावर आबांचा एक नेम झाला होता. सकाळचा चहा झाला की ते दारापुढच्या ओट्यावर जाऊन बसायचे आणि मोबाइल कानाला लावायचे. तुम्ही साक्रीला तुमच्या बहिणीकडे, लीलामावशींकडे राहायला जायचात, तेव्हा तिथून आबांना जे व्हॉइस मेसेज पाठवायचात, तेच ते ऐकायचे. "गोळी घेतली का." "मागचं दार लावून झोपा." "इथे पाऊस नाही, तिथे आहे का." बस, असलंच. शेजारच्या काकूंना आधी वाटलं होतं, रोज सकाळी कुणाचा तरी फोन येतो. मी त्यांना सांगितलं, तेव्हापासून त्या वेळेला त्या ओट्यासमोरून जाणं टाळायच्या.

मग मे महिन्यात आबांचा मोबाइल सारखा अडकायला लागला. जळगावचा उन्हाळा, त्यात जुना फोन. हात लावला तर तवा. तुमच्या राजूने तो दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल. बॅकअप आहे ना?" हे म्हणाले, "आहे." ह्यांचा समज असा की फोटो आपोआप इंटरनेटवर जातात, तसं सगळंच जातं. फोटो गेलेले होते. आवाज नव्हते.

त्या दिवशी संध्याकाळी आबांनी फोन हातात घेतला, बराच वेळ वरखाली केलं आणि राजूला विचारलं, "हिचं कुठंय?"

ह्यांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा हे तसेच उठून दुकानात गेले. दुकान बंद झालं होतं. दुसऱ्या दिवशी दुकानदाराने हात जोडले. तुमचा स्वतःचा फोन असता तर त्यात तरी ते मेसेज सापडले असते, पण तुमच्या आजारपणातल्या धावपळीत तो कुठे हरवला, आजवर मिळालेला नाही.

आबा राजूला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बोलणंच बंद केलं. ह्यांनी ताट वाढलं तर आबा म्हणायचे, "वैशालीला सांग, भूक नाही." समोर मुलगा उभा, आणि निरोप माझ्याकडे. जिनिंग मिलच्या वजनकाट्यावर आयुष्यभर कापसाचं वजन केलेला माणूस. एकदा आकडा लिहिला की खोडायचा नाही, हा त्यांचा स्वभाव तुम्हाला मी काय सांगणार? हे रोज कामावरून आल्यावर ओट्यावर त्यांच्या शेजारी बसायचे. दोघं रस्ता बघायचे. मग हे उठून आत यायचे.

मी डाळ मिलच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते, हे तुम्हाला माहीतच आहे. "दिवसभर डबा बघते," असं तुम्ही माझ्या कामाचं वर्णन करायचात. आमच्या ऑफिसात मागे एकदा कॉम्प्युटर बसला आणि महिन्याभराची सगळी बिलं गेली, तेव्हापासून शेठनी एक राउटर आणून ठेवलाय. वाय-फाय त्यातूनच येतं, आणि त्याच्या पोटातच मोठी हार्ड डिस्क असते. ऑफिसातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये, कॉम्प्युटरमध्ये जे नवीन येतं, त्याची एक प्रत आपोआप तिच्यात जाते. कुणाला आठवण ठेवावी लागत नाही.

मी शेठना म्हटलं, असाच एक घरी लावावा म्हणते. काय झालं तेही सांगितलं. ते मारवाडी माणूस, दुकानात वाढलेला. म्हणाले, "लावा मॅडम. पण चोर येऊन गेल्यावर कुलूप लावताय, हे लक्षात ठेवा. गेलेला माल येणार नाही. दुसरीकडे कुठे तोच माल असेल, तर तो आधी आत घ्या."

दुसरीकडे कुठे? तिथेच मला लीलामावशींची आठवण झाली. तुम्ही जळगावात असायचात तेव्हा मावशींना रोज बोलून पाठवायचात ना? त्यांनी कधी काही काढून टाकलं नसणार. त्यांना काढता येतच नाही.

मी फोन केला. म्हटलं, मावशी, तुमचा मोबाइल दोन दिवस पाठवाल का? त्या म्हणाल्या, "मोबाइल मी कोनाच हातमा देस नही. मीच येस तठे."

आणि आल्या की हो. साक्रीहून धुळे, धुळ्याहून जळगाव, बस बदलून, मोबाइल कमरेच्या पिशवीत, पिशवीवर हात.

राउटर लावायला मी त्याच दिवशी सुट्टी घेतली होती. आधी मी तो टीव्हीजवळ ठेवला. आबांच्या खोलीत रेंज पोचेना. खिडकीत ठेवावा तर कूलरचं पाणी उडतं. घराच्या मध्यावर, कोरडी, आणि मुलांच्या हाताला न लागणारी अशी जागा एकच निघाली. तुमची फळी. मी ती तेवढी सोडून सगळं शोधलं, यावर विश्वास ठेवा.

वाय-फायला नाव द्यायचं होतं. राजू म्हणाले, आडनाव टाक. आबा ह्यांच्याकडे न बघता मला म्हणाले, "सिंधू टाक." मी टाकलं. आता शेजाऱ्यांनी मोबाइलवर वाय-फाय शोधलं की त्यांच्या यादीत तुमचं नाव येतं. काकू परवा म्हणाल्या, "सिंधूबाई आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येतात हो." तुम्हाला हे आवडलं असतं की तुम्ही रागावला असतात, मला खरंच ठरवता येत नाही.

मावशींच्या फोनमध्ये मी ॲप घातलं, कुठली फाइल घ्यायची ते दाखवलं, आणि प्रती निघायला लागल्या. मावशी त्या फळीखाली खुर्ची टाकून बसल्या. जेवायलाही उठेनात. पडद्यावर पट्टी हळूहळू सरकत होती. अर्ध्यावर आली आणि वीज गेली. हिरवा दिवा विझला. मावशी खुर्चीतून उठल्याच.

"गये का बठ्ठं?"

मी म्हटलं, नाही मावशी, सगळं कसं जाईल? तुमच्या फोनमधलं तुमच्याकडेच आहे, इथे फक्त प्रत येते. त्यांना ते पटेना. त्यांनी फोन पदराखाली धरला आणि पुन्हा द्यायला तयार होईनात. तेव्हा राजू पुढे आले. इन्व्हर्टरची वायर त्या खोलीत नव्हतीच. ह्यांनी स्टूल घेतलं, पॅसेजमधल्या बोर्डावरून वायर ओढली, भिंतीला पट्ट्या ठोकल्या. घामाने शर्ट भिजला होता. आबा दारात उभं राहून बघत होते. स्टूल हलत होतं, ते त्यांनी जाऊन धरलं. ह्यांचं काम होईपर्यंत सोडलं नाही.

दिवा परत लागला. मावशींनी फोन दिला. चहाच्या वेळेपर्यंत सगळं आत आलं.

मग आम्ही चौघं बसलो आणि मी टीव्हीवर लावलं. पहिल्या मेसेजमध्ये तुम्ही वांगी किती महाग झाली ते सांगताय. दुसऱ्यात मावशींच्या गुडघ्याला कुठलं तेल लावायचं ते. आबा मान खाली घालून ऐकत होते. तिसरा सुरू झाला.

"सून वाईट नही शे. पन भाजीमा तेल असं वतस, जसं काय घरमाच घानी शे."

आणि त्यावर तुम्ही हसलात.

राजूंनी रिमोट उचलला. आबा मला म्हणाले, "त्याला सांग, चालू दे." पुढे बरंच होतं. मी दिवसभर कॉम्प्युटरवर, घरी आले की मोबाइलवर. मला चादरीची घडी घालता येत नाही. पोळ्या जाड. मावशी जमिनीकडे बघत होत्या. हळूच मला म्हणाल्या, "मनवर लेऊ नको, बेटा." मी म्हटलं, नाही घेत.

आणि तेवढ्यात आबा हसले. तुम्ही गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. त्यांनी डोळे पुसले आणि थेट राजूकडे वळून म्हणाले, "तेलाचं मात्र ती बरोबर बोलत होती. काय रे?"

राजूंनी माझ्याकडे बघितलं. एकीकडे मी, एकीकडे तुम्ही. पण वडिलांनी आपल्याला काही विचारलं, एवढंच ह्यांना पुरे होतं. हे म्हणाले, "हो आबा. थोडं जास्तच असतं."

अशा रीतीने, आई, तुमच्या घरातला अबोला माझ्या शेवभाजीतल्या तेलावरून सुटला.

आता माझी एक तक्रार. मी शेवभाजी केली की तुम्ही मला काय म्हणायचात? "छान झालीय." दर वेळी. तर्रीचं तेल बाजूला सारून, खाऊन, वर "छान झालीय". एकदा तरी सांगायचंत ना, वैशाली, तेल कमी कर. मी केलं असतं. मला काय, मला वाटायचं तुम्हाला अशीच आवडते, म्हणून मी आणखी चमचाभर घालायचे.

दुसऱ्या दिवशी मावशी परत गेल्या. राजू स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, "तुझ्याबद्दलचे तेवढे चार-पाच काढून टाकू का? आबांना तरी काय करायचेत ते." ह्यांनी मला न विचारता काढले नाहीत, हे बरं केलं. मी म्हटलं, थांबा.

रविवारी दुपारी घर झोपलेलं असताना मी ते सगळे एकटीने ऐकले. खरं सांगू? मी माझ्याबद्दल कुठे काही चांगलं बोललात का, ते शोधत होते. नाही सापडलं. "वाईट नही शे", तेवढंच. पण दुसरं काही लक्षात आलं. त्या मेसेजमध्ये तुम्ही भराभर बोलता. नकला करता. वाक्य पुरं व्हायच्या आत हसता, आणि मावशी समोर असल्यासारखं थांबून पुन्हा हसता. या घरात तुम्ही माझ्याशी नेहमी नीट, सावकाश, शाळेतल्यासारखं मराठी बोलायचात. मला अहिराणी कळते, मी पारोळ्याची आहे. तरी तुम्ही माझ्याशी ती कधी बोलला नाहीत. आणि माझ्यासमोर असं हसला नाहीत. मी परकी वाटत होते, की मला परकं वाटू नये म्हणून तुम्ही जपून बोलत होतात? हे मला तेव्हा विचारायचं सुचलं नाही, कारण तुम्ही असं हसता हेच मला माहीत नव्हतं.

ते हसू माझ्या तेलावर आहे, माझ्या चादरींवर आहे. तक्रारी काढल्या तर तेही जातं. मी राजूंना सांगितलं, एकही काढायचा नाही.

आबांना तुम्ही पाठवलेले मेसेज मात्र गेले ते गेले. गोळीचा, दाराचा, पावसाचा. शेठ म्हणाले होते तसंच झालं. आबांना ते माहीत आहे. ते आता तुम्ही मावशींना पाठवलेले ऐकतात. परवा मला म्हणाले, "माझ्याशी ती एवढं कधी बोलली नाही." त्यात त्यांना काय वाटलं, ते मी विचारलं नाही. सकाळी चहाला ते राजूंना हाक मारतात आणि दोघं ओट्यावर बसतात. बोलतात थोडं. बहुतेक कापसाच्या भावाबद्दल.

एक गोष्ट राहिली. राउटर लावला तेव्हा मी घरातले सगळेच फोन त्याला जोडले, माझाही. माझ्या फोनमधलं सगळं त्या डिस्कवर गेलं. त्यात पारोळ्याला माझ्या बहिणीला मी वेळोवेळी बोलून पाठवलेलंही आहे. त्यात तुम्ही पुष्कळ आहात. सुनांना बहिणी असतात, आई, आणि बहिणींना फोन असतात. पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी पुसायलाच बसले होते. मग वाटलं, तुमचं ठेवायचं आणि माझं पुसायचं, हे काही बरोबर नाही.

तेव्हा वचन एवढंच देते. तुमचंही काढणार नाही, माझंही नाही. यंत्र आहे, कधीतरी बिघडेल, म्हणून आणखी एक प्रत काढून मी ती कपाटात ठेवेन. उद्या या घरात माझी सून येईल आणि कधीतरी विचारेल, तुमच्या सासूबाई कशा होत्या? तेव्हा मी तिला काही सांगत बसणार नाही. आधी तुमचे ऐकवेन, मग माझे. कोण बरोबर होतं, ते तिचं तिने ठरवावं.

तुमची सून,
वैशाली
जळगाव