तीस फुटांचा काठ

प्रिय तेजू,

सप्रेम जय भीम. फोनवर आप्पांचं नाव काढलं की तुला लगेच मीटिंग आठवते, म्हणून हे लिहितेय. आता तुला माझं बोलणं मध्येच कट करता येणार नाही. आठवडाभर माहेरी आलेय. आमचे हे कारेगावात शिफ्ट सांभाळून स्वतःच्या हातचं जेवतायत, जेवू देत. आईचे गुडघे दुखतात, तोंड मात्र ठणठणीत आहे.

दिवाळीतल्या त्या ग्रामसभेला मी नव्हते, पण गावातल्या प्रत्येकानं ती मला आपापल्या परीनं ऐकवली. तू म्हणे तुझ्या सरकारी खात्यातर्फे भिंतीवर भलामोठा नकाशा लावलास. उसाला टाकलेलं खत ओढ्यानं नदीत आणि नदीनं धरणात जातं, तिथं शेवाळ माजतं, मासे गुदमरतात. म्हणून सरकारचा आराखडा असा की शहरांनी सांडपाणी साफ करून सोडायचं आणि आपण नदीकाठची तीस फुटांची पट्टी बिनउसाची, बिनखताची ठेवायची. तिथलं गवत आणि झाडं खत अडवतील. इथवर सगळं बरोबर होतं. मग मागनं कुणीतरी ओरडलं, आधी बापाच्या रानातनं सुरुवात कर की. आणि तू म्हणालीस, करते, पहिली पट्टी आमचीच. आप्पा शेजारीच बसले होते, त्यांना विचारलंस का? ते उठून गेले, तू न जेवता पुण्याला गेलीस, आणि दिवाळीपासून बापलेकीत एक शब्द नाही.

आप्पांना ऊस प्यारा आहे म्हणून ते रागावले असं तुला वाटतं. तसं नाही गं. ज्या काठावर आपल्या आज्याला घागर बुडवू दिली नाही, तोच काठ आप्पांनी कुरकुंभच्या कंपनीत पाळ्या करून करून विकत घेतला. वरच्या अंगाला मुरमाड रान स्वस्तात मिळत होतं, तरी हट्टानं पाण्याला लागून घेतलं. ती तीस फुटांची पट्टी म्हणजे त्यांच्या आयुष्याची कमाई आहे, आणि ती त्यांच्या पोरीनं भर सभेत परस्पर देऊन टाकली. मला हे आईनं सांगितलं.

परवा सकाळी आप्पा अचानक म्हणाले, सीमे, हे पाणी जातंय तरी कुठं, मला बघायचंय. जन्म गेला नदीकाठी, पण धरणाचा फुगवटा त्यांनी फक्त हायवेवरून, एसटीच्या खिडकीतनं पाहिलेला. पोपट मासे धरतो ना, त्याच्या होडीत बसलो. सुरुवातीला नुसती जलपर्णी. इतकी दाट की बगळे तिच्यावरून चालत होते आणि पोपट वल्ह्यानं ती फाडत वाट काढत होता. मग एका वळणावर ती संपली आणि तेजू, काय सांगू, नदीच संपली. पुढं फक्त पाणी. पलीकडचा काठ दिसेना. मला वाटलं आपण चुकून समुद्रात आलो. लांबवर कुणीतरी गुलाबी लुगडी वाळत घातल्यासारखं दिसत होतं, आणि बघता बघता ती लुगडी उठून आभाळात गेली. फ्लेमिंगो! हजारांनी असतील. आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

आणि ते एवढं सगळं पाणी हिरवं. काठाला साय धरल्यासारखा थर. आप्पांनी सवयीनं ओंजळ बुडवली तर पोपट म्हणाला, काका, नका, अंग खाजतंय त्यानं. पूर्वी जाळ्यात जातीजातीचं मासं यायचं, आता एका चिलापी माशाबिगर काय गावत न्हाई. आप्पा त्या हिरव्या हाताकडं बघतच राहिले. मग म्हणाले, घोड हितंच येती, मुळा-मुठा हितंच, आपली भीमा बी हितंच. समद्यांचं रान हितं येऊन थांबलंय. मला तुझा नकाशा तेव्हा कळला बघ. एवढ्या अफाट पाण्याचा विचार करायचा आणि सुरुवात आपल्या ओढ्यापासून करायची, हे कुणाच्या डोक्यात येतं? माझ्या लहान बहिणीच्या. मला तुझा इतका अभिमान वाटला की होडीत रडू आलं. पोपटाला वाटलं मला पाण्याची भीती वाटते.

काल उन्हं तापायच्या आत आप्पा कोयता घेऊन गेले आणि काठाचा, तोडणीनंतर पुन्हा फुटलेला कोवळा खोडवा कापायला लागले. कापलेला ऊस शेजारच्या रतनबाईच्या गुरांना दिला. ती बिचारी विचारतेय, दादा, डोकं फिरलं का, उभा ऊस चारताय? आई बांधावरून ओरडली, करायचंच होतं तर पोरीशी का बोलत नव्हता इतके दिवस? त्यावर त्यांनी तिलाच पाणी आणायला पाठवलं. मी मदतीला गेले तर कापत कापत ते तीस फुटांवर रोवलेल्या खुणेच्या काठीच्या पुढं गेलेले. म्हटलं, आप्पा, तीस फूट झाले की. तर थांबले नाहीत.

तर पत्राचं कारण. सोमवारी पुन्हा ग्रामसभा आहे आणि आप्पांचा तुला निरोप आहे. रान माझं हाय, तवा ते द्यायचं मी माझ्या तोंडानं सांगणार. तिनं यायचं, पुढं बसायचं आन् माझं बोलून होईस्तवर गप ऱ्हायचं. आणखी एक तुला सांगू नको म्हणालेत, पण माझ्या पोटात राहत नाही. ते चाळीस फूट देणार आहेत. तीस सरकारनं मागितलं, म्हणाले, वरचं धा माझ्याकडनं. तेव्हा सोमवारी ये, आणि सभेत हे पहिल्यांदाच ऐकतेयस असा चेहरा कर.

तुझीच,
सीमाताई