डाव्या कानाकडची जागा

९ मे २०२५, शुक्रवार
सकाळी चूळ भरली आणि पाणी डाव्या बाजूनं सदऱ्यावर! पुन्हा भरली — पुन्हा तेच. आरशात पाहिलं. अर्धं तोंड माझं, अर्धं कोणाचं तरी. डावा डोळा मिटेना. आत गेलो तर जया भाकरी थापत होती. वर पाहिलं आणि म्हणाली, "अजी, सकाळी सकाळी काऊन हासून राह्यले?"
मी हसत नव्हतो.

१० मे, शनिवार
पिपरी मेघे. लेकीच्या, ज्योत्स्नाच्या खोलीवर लिहितोय. पोरगी काल फोनवरच ओरडली. आमचा गावातला दोस्त किसनराव म्हणाला होता, वारं लागलं, कबुतराचं रक्त चोळ. तिनं ते ऐकलं आणि सकाळी स्वतः गाडी घेऊन दारात!

दवाखान्यात खिडकीवर नाव विचारलं. जयाला विचारलं. ती माझं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, त्याला सत्तावीस वर्षं झाली. तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. मी म्हणालो, "आऊराव." ब निघेना, प निघेना! बाईनं कागदावर 'आऊराव' लिहिलं. ज्योत्स्नानं खोडून बापूराव करून घेतलं.

चार दिवस कानात फोड होते. उष्णता म्हणून जया लसणाचं तेल सोडत होती. डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं — नागीण. मी म्हणालो, नागीण तर कमरेला असते. डॉक्टर हसले, "तिले तुमचा कान पसंत पडला, काका!" तिनंच तोंडाची नस धरली म्हणे. तोंड परत येईल, महिने लागतील. जयानं विचारलं, "अन् कान?" डाव्या कानानं काहीच ऐकू येत नाही, नुसता रातकिडा ओरडतो. डॉक्टर म्हणाले, कानाचं सांगता येत नाही. तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर.

भिंतीवर कॅलेंडर होतं. पोळा २२ ऑगस्टला. एकशे चार दिवस. एकोणीस वर्षं झाली, बाबा गेल्यापासून तोरणाखाली आमच्या बाजूची झडती, पोळ्याचं सवाल-जवाबाचं गाणं, मी म्हणतो. तिकडून किसनराव चार ओळींचा टोमणा मारणार, मी तिथंच जोडून परत करणार, आणि शेवटी सगळं गाव — हर हर महादेव! बैल उभे, गाव उभं, आणि मी 'आऊराव'. तोंड परत यायला हवं. बाकी काही मागत नाही.

१८ मे, रविवार
घरी आलो. चक्कर. भिंत धरत गोठ्यापर्यंत गेलो. बैलांनी ओळखलं. बरं वाटलं.

२४ मे, शनिवार
व्यायाम शिकवणाऱ्या काजल मॅडम. वय ज्योत्स्नाएवढं, धाक आमच्या जुन्या गुरुजींचा! आरसा समोर, भुवया वर, नाक आक्रसा, गाल फुगवा. गाल फुगवला की हवा डावीकडून फुस्स. "जोर लावू नका काका, हळू. चेहऱ्याला आठवू द्या." हे वाक्य आवडलं. आणि रोज पन्नास वेळा — प, फ, ब, भ, म.

घरी येताना मोजत बसलो. माय, बाप, भाऊ, बहीण, पाणी, भाकर, माती, बैल. जवळचं सगळं ओठांवरच ठेवलंय. आजवर लक्षातच आलं नव्हतं.

जपाचीही अडचण. राम म्हटलं की शेवटी ओठ मिटायला हवेत. माझे मिटत नाहीत, राम उघडाच राहतो. मग हरी धरला. हरीला ओठ लागत नाहीत. देव एकच, पण सोय पाहावी लागते.

२ जून, सोमवार
बैलांना हौदावर नेलं. शीळ घातल्याशिवाय ते नीट पीत नाहीत. लहानपणापासूनची सवय, मीच लावलेली. ओठ जुळवले — नुसती हवा. बैल माझ्याकडे पाहत उभे. मी बैलांकडे पाहत उभा. शेवटी जयानं घरातून येऊन बादली वाजवली. बादलीवर ते प्याले, पण नाराजीनं.

१० जून, मंगळवार
जया चहा पीत नाही! लक्षात यायला महिना लागला, माणूस आजारात स्वतःभोवतीच फिरतो. सकाळी दोन आणि दुपारी एक पिणारी बाई. विचारलं, म्हणाली, "सोडला."
"कवापर्यंत?"
"पाहू."
माझ्या तोंडासाठीच असणार. पोळ्यापर्यंत म्हणजे अजून अडीच महिने! डोकं दुखत असेल तिचं.

मलाही चहाची चव कळत नाही. गरम आहे एवढं कळतं. एकाला चव नाही आणि एकाला चहा नाही, असं आमचं घर.

२२ जून, रविवार
किसनराव दर रविवारी येतो. आला की दारातूनच, "काय बे बापू, तोंड कोणत्या गावाले गेलं?" आणि बसल्या बसल्या एक टोमणा, यमक जुळवून. मी उत्तर जोडतो, पण बोलताना सगळं सांडतं. तो पूर्ण ऐकून घेतो. घाई करत नाही. शेवटी म्हणतो, "काई समजलं नाई. पुढच्या रविवारी पुन्हा सांगजो." त्याला सगळं समजतं. लुच्चा आहे!

ओठ न टेकवता झडती रचून पाहिली. चार ओळी झाल्या. शेवटी महादेव आडवा आला. त्याला टाळून कसं चालेल?

संध्याकाळी ओट्यावर बसतो तेव्हा जया तांदूळ निवडायला येते आणि नेमकी माझ्या डावीकडे बसते. सांगितलं, "इकडं बस ना, उजव्या कानाकडं."
"राहू द्या. इकडं उजेड हाय."
उजेड दोन्हीकडे सारखाच. पण बसते. मान खाली, हात सुपात, ओठ हलतात. जप धरलाय तिनं. दुसऱ्याच्या जपात बोलू नये. मी माझं हरी हरी करत राहतो.

९ जुलै, बुधवार
डाव्या गालात मुंगी चालली! आरशात पाहिलं — काही नाही. पण चालली. खरंच चालली.

२१ जुलै, सोमवार
शीळ!
बारीक, फाटकी, अर्धी. पण शीळ! बैलांनी कान टवकारले, आणि जो मोठा आहे, हरण्या, त्यानं तोंड पाण्यात घातलं. मग दुसऱ्यानं. मी थांबलोच नाही, हौद अर्धा होईपर्यंत घालत राहिलो. जया बादली घेऊन आली होती. बादली पालथी घालून तिच्यावरच बसली आणि हसता हसता डोळे पुसू लागली. माझाही डावा डोळा पाण्यानं भरला. उजवा नाही. काजल मॅडमना विचारायला हवं.

५ ऑगस्ट, मंगळवार
मॅडमनी प म्हणायला लावलं. म्हटलं. ब — म्हटलं. मग म्हणाल्या, "तुमचं नाव सांगा." बापूराव! त्यांनी टाळी वाजवली, मागच्या बाकावरच्या लोकांनीही वाजवली. पन्नाशीला आलेल्या माणसाला स्वतःचं नाव सांगितल्याबद्दल टाळ्या.

मग कानाची तपासणी. काचेच्या खोलीत बसवतात, आवाज आला की बटण दाबायचं. डाव्या कानाच्या वेळी बटण दाबायची पाळीच आली नाही. डॉक्टर म्हणाले, "तीन महिने झाले काका. आता कानाची फार आशा धरू नका." मी म्हणालो, तोंड दिलं ते खूप झालं. आणि खरंच तसं वाटतं. दोन कानांनी तरी मी कोणाचं किती ऐकलं होतं?
परतताना जया बसमध्ये देवळी गाव येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत होती. संध्याकाळी सूप घेऊन पुन्हा डावीकडेच बसली.

१४ ऑगस्ट, गुरुवार
सकाळी जपात राम पुरा झाला. शेवटी ओठ मिटले. थोडा वेळ मिटलेलेच ठेवले.

२२ ऑगस्ट, शुक्रवार — पोळा
घाईत लिहितोय, अक्षर वाकडं येईल. येऊ दे.

काल खांदेमळणी केली, बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळलं; आज बैल सजवले, कपाळाला माथोट्या बांधल्या. जयानं दोघांना ओवाळलं आणि मलाही कुंकू लावलं. "तीन झाले," म्हणाली.

तोरणाखाली गेलो तर किसनराव आणि त्याची माणसं उलट्या बाजूला! एवढी वर्षं ते देवळाच्या अंगाला उभे राहतात, म्हणजे माझ्या डावीकडे. आज सगळी रांग उजवीकडे. मी पाहिलं तर किसनराव आभाळात पाहू लागला. मग खाकरून सुरू झाला —

आंब्याच्या वनात मोर बोलते,
बापूरावचं तोंड एकीकडं चालते,
एक गाल हासते, एक गाल झोपते,
यंदाची झडती सांगा कोन म्हनते?
हर बोला, हर हर महादेव!

गाव हसलं. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. पण दर रविवारी मी काय केलं होतं? हेच तर! हळू, चेहऱ्याला आठवू द्या. हरण्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं —

बारा बैलं, बारा माथोट्या,
किसनरावच्या बाता मोठ्या,
माह्या वाकड्या तोंडाले डॉक्टर भेटले,
त्याच्या वाकड्या जिभेपुढं डॉक्टरनं हात टेकले!
हर बोला —

आणि महादेव! म अख्खा, ओठ मिटून. गावानं उचलला. माझा बैल आधी की किसनरावचा, कोणाला कळलं नाही, तोरण तुटलं आणि सगळे एकदम सुटले. किसनराव गर्दीतून आला, माझा डावा गाल चिमटीत धरून ओढला. "दुखलं का बे?" दुखलं! मस्त दुखलं!

२३ ऑगस्ट, शनिवार
गल्लीत तान्हा पोळा. लहान लेकरं लाकडी बैल ओढत दारोदार. प्रत्येकाला लाडू दिला.
दुपारी जयासाठी मीच चहा केला. आता तर तोंड आलं, नवस फिटला. कप पुढं केला. तिनं वास घेतला, बराच वेळ घेतला, आणि परत सरकवला. "अजून नाई."
"आता काय राह्यलं?"
"तुमचं झालं. माहं नाई झालं."
समजलं नाही. कप मी प्यालो. साखर जास्त झाली होती — म्हणजे चव कळली!

३ सप्टेंबर, बुधवार
कानातला रातकिडा बारीक झाल्यासारखा वाटतो. की सवय झाली?

७ सप्टेंबर, रविवार
संध्याकाळी ओट्यावर. जया डावीकडे, सुपात तूर. मी उजव्या हातानं माळ ओढत होतो. डावीकडून, खोल विहिरीतून यावा तसा, आवाज आला. "बापूराव." मग थोडं थांबून पुन्हा, "बापूराव." तोच तिचा जप होता. जवळजवळ चार महिने, रोज, त्याच बंद कानाशी.
वळलो नाही. अजून एकदा ऐकायचं होतं.