आईचा गुंड, दीड इंचाचा

५ जानेवारी
गुंडावर, म्हणजे पाण्याच्या घागरीच्या नकलेवर, रंगाचे दोन थर झाले. आधी काळा प्रायमर, वर तांब्याचा रंग. दीड इंचाचा प्लॅस्टिकचा तुकडा, कुम्हारी गावच्या वर्माने त्याच्या थ्रीडी प्रिंटरवर छापून दिलेला. पोलादाच्या प्लांटमधून रिटायर झाल्यावर हे छोट्या मॉडेलांचं वेड लागलं. पण हा गुंड खेळणं नाही.
खरा, तांब्याचा, आईच्या लग्नातला. प्लांटचं क्वार्टर सोडताना भंगारवाल्याला देऊन टाकला मी. आई तेव्हा खुब्याच्या ऑपरेशनला दवाखान्यात. इथे बोरसीच्या फ्लॅटवर आल्यावर तिने विचारलं तर म्हणालो, तुमसरला भावाकडे आहे. भावालाही पढवून ठेवलं. वर्ष होईल आता.
ही नक्कल हातात द्यायची आणि सांगून टाकायचं. ठरवलंय तर खरं.

८ जानेवारी
आज जुनेपणा. खाचांत तपकिरी पातळ रंग, पुसून घेतला. मग हिरवट-निळा, थेंब थेंब, गळ्याशी आणि काठाखाली. स्पंजने टिपला. व्हिडिओत दाखवतात अगदी तसा. वर्माला फोटो पाठवला. "दादा, एकदम असली!" छाती फुगली, खोटं कशाला लिहू.

९ जानेवारी
आईला दाखवला. चष्मा लावून खिडकीशी नेला.
"हे हिरवं काय होय?"
म्हटलं, जुनं तांबं हाय ना, आई.
"माह्या गुंडाले कळंक? साठ वर्षं रोज सकाळी चिंच लावून घासला मी. लोकाच्या घरचा बनवला कावून तू?"
तोंड फिरवून बसली. सांगायचं राहिलंच. मंदा स्वयंपाकघरातून: "एक दिवस भांडे घासले असते त समजलं असतं तुमाले." बायको बरोबर बोलते तेव्हा जास्त राग येतो. जन्मभर प्लांटमध्ये लोखंड पाहिलं, घरातल्या तांब्याकडे बघितलं कोणी?

१२ जानेवारी
हिरवा सगळा काढला. घासून घासून जुनं झालेलं तांबं कसं असतं, आठवत बसलो. पोट गुलाबी, तळहात फिरतो तिथे जास्त उजळ. काळं फक्त गळ्याच्या वळणात, बोटं पोचत नाहीत तिथे. उजवीकडे पोचा. आठवीत असताना मीच नळावर आपटला होता. गरम चमच्याने दाबून तो पाडला. वार्निश नाही दिलं, दिलं की चमक मरते.

१४ जानेवारी, संक्रांत
दिला. आईचा अंगठा आपोआप पोच्यावर गेला. बराच वेळ तिथेच.
"हाच होय."
मग तिळगूळ दिला मला. सांगायचं होतं ते अगदी जिभेवर आलं, आणि तिळगुळाबरोबर गिळून टाकलं. भित्रा.

१५ जानेवारी
सकाळी आई सिंकपाशी. वॉकर बाजूला, वाटीत चिंच आणि मीठ. सवयीने घासायला घेतलेला. तांबं गेलं, काळा थर गेला, खाली राखाडी...
"हे त प्लॅस्टिक निघालं रे." आणि वर न बघता, "खरा तुमसरले नाई ना?"
"नाई, आई. भंगारात देल्ला मी. तू दवाखान्यात होती तवा."
तिने चिंचेचे हात धुतले. दुपारी जेवली नाही. मी बाथरूममध्ये जाऊन रडलो, एकसष्टाव्या वर्षी.

१७ जानेवारी
आज चहाच्या वेळी तिने तो राखाडी तुकडा माझ्यासमोर ठेवला.
"पुन्हा रंगव."
म्हटलं, करतो, घासलेला करतो तसाच.
"नाई. हिरवा कर, पयले केला होता तसा. आता त्याले कोन घासते?"

१८ जानेवारी
प्रायमर वाळला. तांबं चढवलं, छान बसलं. हिरवी बाटली काढली, हलवली. झाकण अजून उघडलेलं नाही.
त्या दिवशीची चिंचेची वाटी ओट्यावर तशीच आहे. मंदा टाकायला निघाली तर आई म्हणाली, राहू दे.