देवीची हनुवटी

ताडकळस, शुक्रवार, माघ, १९५३

मामानं गेल्या साली देवळाच्या भिंतीवर देवी रंगवली, तेव्हा तिला माझ्या मेलेल्या आईचा चेहरा दिला होता. हनुवटीवरचं गोंदणसुद्धा. त्या गोंदणाकडं बघत बसलं की मला ओव्या सुचायच्या. घरी येऊन लिहायची.

आज गेले तर देवीला पाटलीणबाईचे डोळे, पाटलीणबाईचं नाक.

"मामा, ह्ये काय केलं तुमी?"

"नवा रंग पाटलानं दिलाय, बाई. मी काय करू?"

सख्ख्या बहिणीवर रंग फासताना हात कसा अडला नसेल? हनुवटी तेवढी आईची राहिलीय, गोंदणासकट. तीही उद्या जाणार. मामा जाताना म्हणाला, कुंचले रॉकेलात धुऊन ठेव.

मी धुऊन ठेवले.